१९६७ ची मस्टँग, सी-४ ऑटोमॅटिक: ऑटोक्रॉसमध्ये गिअरबॉक्स टिकेल का?

धोटा_६७ (सोलापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही.

गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग. २८९ घन इंचांचं व्ही-८, म्हणजे ४.७ लिटर, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर आणि फोर्डचा तीन गिअरचा सी-४ ऑटोमॅटिक. स्टिअरिंग डावीकडे. परदेशी वकिलातींच्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडून विकल्या जायच्या, त्यातली ही. वडिलांनी १९८१ साली मुंबईत घेतली. आमचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमाग आहेत, चादरी आणि टॉवेल. वडिलांनी गाडी कधी झाकून ठेवली नाही, एकादशीला पंढरपूरला तीच काढायचे. २०१९ ला ते गेले. तेव्हापासून गाडी माझ्याकडे.

यंदा गड्ड्याची जत्रा संपल्यावर आम्ही सात-आठ जणांनी ऑटोक्रॉस सुरू केलं. आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की मातीतलं डोळ्यापुढे येतं, आमचं तसं नाही. हैदराबाद रोडला एका मित्राच्या गोदामाचं काँक्रीटचं मोठं आवार आहे, रविवारी सकाळी तिथं ट्रक नसतात. नारिंगी कोन लावतो, एका वेळी एकच गाडी, स्टॉपवॉच लावून. कोन पाडला की दोन सेकंद दंड. फेरी साधारण एका मिनिटाची, वेग ताशी ३५ ते ६५ किलोमीटरच्या मधे. बाकीच्यांच्या गाड्या छोट्या आणि पुढच्या चाकावर चालणाऱ्या. जुनी अमेरिकन फक्त माझी.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी तिसऱ्या फेरीत, डावीकडच्या लांब वळणात, इंजिन एकदम मोकळं सुटल्यासारखं ओरडलं. अर्धा सेकंद असेल. मग धक्का देऊन पकडलं. चौथ्या फेरीनंतर गाडी उभी केली तर खालून जळका वास. मागाचा चपटा पट्टा पुलीवर घसरत राहिला की जो वास सुटतो, थेट तसा. तो वास मी लहानपणापासून ओळखतो आणि तो आला की माग बंद करायचा असतो, एवढं मला शिकवलेलं आहे. डिपस्टिकवरचं ऑइल पांढऱ्या कागदावर टिपलं तर लाल राहिलेलं नाही, विटकरी झालंय.

गिअर मी डी (ड्राइव्ह) मध्येच ठेवतो. वळणाआधी पाय काढला की तो तिसरा टाकतो, बाहेर पडताना पाय दाबला की परत दुसरा. एका फेरीत सात-आठ वेळा हे होतं.

इथल्या एका गॅरेजमध्ये दाखवलं. ते म्हणाले, ऑटोमॅटिक असल्या कामाला नसतोच, काढून टाका आणि पाच गिअरचा मॅन्युअल टी-५ बसवा. गेल्या वर्षी ऑइलही त्यांनीच बदललं होतं, पॉवर स्टिअरिंगला वापरतात तेच भरलंय असं आता सांगतात.

मला वडिलांचा गिअरबॉक्स काढायचा नाही. पण असंच चालवून तो माझ्या हातून जळला तर तेही मला सहन होणार नाही. हा सी-४ या कामाला टिकतो का? टिकत असेल तर काय करायला पाहिजे?

वाल्व्हबॉडी (कोल्हापूर)

मालक, काढायची घाई अजिबात करू नका. मी ऑटोमॅटिकच उघडतो, पंचवीस वर्षं झाली.

आधी सांगा, ऑइल मोजता कसं? बहुतेक लोक सकाळी थंड गाडीत, इंजिन बंद ठेवून डिपस्टिक काढतात. ते माप खोटं. सी-४ चं ऑइल गाडी पाच-दहा किलोमीटर चालवून गरम करायचं, सपाट जागेवर उभी करायची, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या गिअरमधून एकदा फिरवायचा, मग पार्कमध्ये इंजिन चालू ठेवून मोजायचं. वळणात इंजिन मोकळं सुटतं म्हणजे ऑइल गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्ये एका बाजूला जातंय आणि फिल्टरचं तोंड उघडं पडतंय. पंपानं हवा ओढली की दाब गेला, दाब गेला की क्लच सुटला. ऑइल कमी असलं की हे लवकर होतं.

पण म्हणून वर लिटरभर जास्त ओतू नका. जास्त झालं की फिरणारे भाग ते घुसळतात, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही. परत तेच दुखणं.

पॅन उतरवाच. त्याला ड्रेन प्लग नसतो, बोल्ट ढिले करून एका कोपऱ्यातून सांडावं लागतं. तळाशी बारीक करडा गाळ असेल तर घाबरायचं कारण नाही, तो क्लचच्या झिजेचा. चमकणारे धातूचे कण दिसले तर मात्र गाडी जागेवरून हलवू नका. भरताना टाइप एफ भरा, तुमच्या सालच्या सी-४ ला तेच लागतं. तुमच्यात भरलेलं बहुधा डेक्सरॉन जातीचं असणार; त्या ऑइलमध्ये घर्षण मऊ करणारं द्रव्य असतं, त्यानं गिअर गुळगुळीत पडतो पण पकडायला वेळ घेतो. त्यानं गिअरबॉक्स मेला असं म्हणणार नाही, पण तुमच्या कामाला ते नको.

गिअरबॉक्सच्या आत ड्रमला आवळून धरणारा पट्टा असतो, तोही ॲडजस्ट करून घ्या. दुसऱ्या गिअरचा स्क्रू बाहेरूनच, डाव्या अंगाला पुढं आहे. लॉकनट नवीन घ्या, त्यालाच सील असतं. स्क्रू १० फूट-पौंडांपर्यंत आवळायचा आणि बरोबर पावणेदोन फेरे मागं घ्यायचा. दीड नाही, दोन नाही.

सातरस्ता (सोलापूर)

मी त्या रविवारी तिथंच होतो. सुरुवातीचं सांगितलंच नाहीस की बे. डाव्या पायानं ब्रेक दाबून धरतोस आणि उजव्यानं रेस देत गाडी थरथरवतोस, मी झेंडा खाली करेपर्यंत. चौथ्या फेरीला तर कोन परत लावायचे होते, सहा-सात सेकंद तसाच उभा होतास. मला वाटतं तेही इथं लिहायला पाहिजे.

मालदांडी (मूळ मंगळवेढा, आता मिशिगन)

सातरस्ता यांनी लिहिलं ते फार बरं झालं. माझ्या मते निम्मं उत्तर तिथंच आहे.

मी इथं १९६९ ची शेवरले कॅमेरो चालवतो, टीएच-३५० ऑटोमॅटिकवर, आणि नऊ वर्षं तिच्यावर ऑटोक्रॉस करतोय. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. सवडीनं लिहितो.

तुमचा गिअरबॉक्स कमकुवत नाही. २८९ चा कागदावरचा टॉर्क २८२ पौंड-फूट, म्हणजे साधारण ३८० न्यूटन मीटर. नीट बांधलेल्या सी-४ मधून ड्रॅग रेसवाले याच्या दुपटीहून जास्त काढतात. ताकदीनं तो मोडणार नाही. मरेल तो तापून.

ब्रेक आणि रेस एकदम दिली की काय होतं बघा. चाकं उभी आहेत, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑइलमधून जोडणाऱ्या भागात, ऑइल घुसळण्यात जाते आणि तिची उष्णता होते. ६० किलोवॅट धरू. कन्व्हर्टरमध्ये पाचेक लिटर ऑइल. हिशेब केला तर ते दर सेकंदाला सुमारे ७ अंशांनी तापतं. सहा सेकंद उभे राहिलात तर चाळीसेक अंश, तेही गाडी हलायच्या आधी. ही सवय आजच सोडा. आयडलवरून निघालात तर फेरीला फार तर दोन-तीन दशांश सेकंद जातील.

दुसरं म्हणजे डी. गिअर कधी बदलायचा हे सी-४ दोन दाबांच्या भांडणातून ठरवतो. एक गव्हर्नरचा. शेतावरच्या जुन्या डिझेल इंजिनावर फिरणारी वजनं असतात ना, तेच तत्त्व. गाडी जितकी वेगात तितका हा दाब जास्त. दुसरा दाब व्हॅक्यूम मॉड्युलेटरकडून, म्हणजे तुम्ही पाय किती दाबलाय त्यावरून. वळणाआधी पाय काढलात की दुसरा दाब पडतो, गव्हर्नर जिंकतो, तिसरा गिअर पडतो. दुसऱ्या गिअरमध्ये एक पट्टा बाहेरून ड्रमला आवळून धरतो. तिसऱ्यात तो सुटतो आणि त्याच ड्रममधला क्लच पकडतो. तुम्ही मागवाले आहात, फिरता ड्रम पट्ट्यानं थांबवायचा म्हणजे काय हे मी तुम्हाला सांगायला नको. एका फेरीत आठ वेळा, चार फेऱ्यांत बत्तीस वेळा. रस्त्यावर पंढरपूरला जाऊन येताना एवढं होत नाही.

१९६७ पासून फोर्डनं सी-४ ला सिलेक्ट-शिफ्ट दिलं. तुमच्या लिव्हरवर डी, २, १ असेल. २ मध्ये टाकलं की तो दुसऱ्यातच निघतो आणि दुसऱ्यातच राहतो. १ मध्ये टाकलं की पहिल्यातच. १९६६ च्या गाडीत दुसऱ्यात असं धरून ठेवायची सोय नव्हती.

आता २ की १? इथं गणित करायलाच पाहिजे, कारण बहुतेक सगळे न बघता २ सांगतील. क्राउन-पिनियनचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं, गुणोत्तर आधी काढा. गिअर न्यूट्रलला, पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, मागचं एक चाक जमिनीवर आणि एक जॅकवर. वरचं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फिरला ते मोजा. पावणेतीनच्या थोडं पुढं गेला तर २.८०, पूर्ण तीन फिरला तर ३.००. २.८० धरून सांगतो. दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.४६. ताशी ४० ला इंजिन फिरायला हवं जेमतेम १४०० आरपीएमनं. पण तुमचा कन्व्हर्टर दोन हजारांच्या आसपासपर्यंत नीट पकडतच नाही. म्हणजे तुमच्या आवारात, तुमच्या वेगाला, दुसऱ्या गिअरमध्ये तो जवळजवळ सगळा वेळ घसरत असतो. तिसऱ्यात तर विचारूच नका. ज्या वासाला तुम्ही पट्ट्याचा वास म्हणालात तो या घसरण्याचाच आहे.

पहिल्याचं गुणोत्तर २.४६. ताशी ६० ला ३४५० आरपीएम, ७५ ला ४३००. तुमची सगळी फेरी पहिल्यात बसते. घसरणं कमी, गिअर बदलणं शून्य. शिवाय लिव्हर १ वर असताना मागचा पट्टाही आवळलेला असतो, त्यामुळे पाय काढला की इंजिन गाडीला धरतं. डी मधल्या पहिल्या गिअरला हे होत नाही, तिथं एका दिशेला पकडणारा रोलर क्लच असतो आणि पाय काढला की गाडी मोकळी घरंगळते. १ मध्ये तो आपण होऊन वरचा गिअर टाकणार नाही, तेव्हा ५००० च्या आत राहायची जबाबदारी तुमची.

माझ्या टीएच-३५० मध्ये दुखरी जागा वेगळी आहे, दुसऱ्या गिअरचा रोलर क्लच. पहिली दोन वर्षं मी डी मध्येच हाणत होतो आणि तो फोडला. मग उष्णता मोजायला लागलो. तेव्हापासून पॅन फक्त ऑइल बदलायला उघडलाय.

तुम्हीही मोजा. पॅनला सेन्सर बसवा. जुना ढोबळ नियम असा की ८० अंशांच्या आसपास ऑइल दीर्घायुषी असतं आणि त्यापुढं दर ११ अंशांना आयुष्य निम्मं होतं. ११५ च्या आसपास त्यातून वार्निशसारखा थर बसायला लागतो, १२५ च्या पुढं सील कडक होतात, १४५ ला क्लचच्या प्लेटा घसरायला लागतात. रेडिएटरच्या आतला कूलर ऑइलला रेडिएटरच्या पाण्यापेक्षा थंड करू शकत नाही आणि सोलापूरचा एप्रिल मी विसरलेलो नाही. वेगळा प्लेटवाला कूलर रेडिएटरनंतर, परतीच्या नळीत जोडा, आणि त्याला स्वतःचा पंखा द्या. ताशी चाळीसला वारा कुठून येणार?

वाल्व्हबॉडी (कोल्हापूर)

मालदांडी साहेबांच्या गणिताला माझा हात वर. एक भर घालतो. फेरी संपली की लगेच इंजिन बंद करू नका. पंप थांबला की ऑइल कूलरकडं जात नाही आणि कन्व्हर्टरमधली उष्णता तिथंच मुरते. तीन-चार मिनिटं आयडलवर ठेवा. फोर्डला पार्कमध्ये चालेल. कुणाकडं डॉज किंवा प्लिमथ असेल, टॉर्कफ्लाइट ऑटोमॅटिकवाली, तर तिला न्यूट्रलला ठेवायची, हँडब्रेक लावून. तिच्यात पार्कमध्ये कन्व्हर्टरला ऑइलच जात नाही. आमच्याकडं एक डार्ट येते, तिच्या मालकांना हे तीन वेळा समजावलंय.

धोटा_६७ (सोलापूर)

तीन आठवडे लिहिलं नाही त्याबद्दल माफी. सगळं करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

सातरस्त्याचं बरोबर आहे. सुरुवातीची ती सवय मी लिहायला हवी होती. त्यात काही वावगं आहे हे मला माहीत नव्हतं.

वाल्व्हबॉडी काकांनी सांगितलं तसं गरम करून, पार्कमध्ये, चालू इंजिनवर मोजलं. सव्वा लिटर कमी. गेल्या वर्षी थंड इंजिनवर मोजून भरलं होतं, म्हणजे वर्षभर कमीच चाललंय. पॅन आमच्या मागाच्या शेडमध्येच उतरवला, आमच्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, बरोबर घेऊन. त्याला गाडीतलं काही कळत नाही, पण लोखंडाची बारीक भुकटी बघितली की कुठला भाग झिजतोय हे तो ओळखतो. गाळ करडा, मऊ, बोटावर चोळला तर काही टोचलं नाही. लोहचुंबक फिरवलं, जवळजवळ काहीच आलं नाही. तो म्हणाला, मालक, लोखंड नाही गेलेलं. मी तिथंच खाली बसलो दोन मिनिटं.

टाइप एफ मुंबईहून मागवलं. कन्व्हर्टरला ड्रेन प्लग निघाला, त्यामुळे जुनं जवळपास सगळं काढता आलं. पट्ट्याचा स्क्रू पावणेदोन फेऱ्यांवर आणला. क्राउन-पिनियन मोजलं, २.८० च आहे.

सेन्सर आधी बसवला आणि कूलर लावायच्या आधी एक रविवार मुद्दाम पूर्वीसारखंच डी मध्ये चालवून बघितलं, फक्त ब्रेक-रेस न करता. गाडीला एवढा त्रास शेवटचा दिला, पण मला आकडा हवा होता. सकाळी नऊला हवा ३४ अंश. चार फेऱ्यांनंतर पॅनमधलं तापमान अनुक्रमे ९४, १०६, ११५, १२१. पाचवी फेरी घेतली नाही.

पुढच्या रविवारी कूलर आणि पंखा लावून, लिव्हर १ वर. हवा तेवढीच, किंबहुना अंशभर जास्त. चार फेऱ्या: ८२, ८७, ९१, ९२. वेळही सुधारली, माझी आधीची चांगली फेरी ६३.४ ची होती, आता ६१.१. वळणात इंजिन सुटलं नाही, एकदाही नाही. वास नाही.

मालदांडी दादा, एक गोष्ट तुम्ही लिहिली नव्हती ती इतरांसाठी सांगतो. १ मध्ये पाय एकदम काढला तर मागची चाकं एवढी जोरात धरली जातात की वळणात गाडीचा मागचा भाग निसटतो. दुसऱ्या फेरीत गाडी पूर्ण आडवी झाली, तीन कोन गेले. पाय हळूहळू काढायची सवय करावी लागते. दिवसाच्या शेवटी जमायला लागलं.

टी-५ चा विषय मी मनातून काढलाय. कूलरचे ब्रॅकेट बॉडीला भोक न पाडता रेडिएटरच्याच बोल्टांवर बसवलेत, उद्या काढायचे झाले तर गाडी जशीच्या तशी राहील.

मालदांडी (मूळ मंगळवेढा, आता मिशिगन)

आकडे वाचून फार आनंद झाला. निसटण्याबद्दल लिहायला हवं होतं, चूक माझी. ९२ पॅनमध्ये म्हणजे उत्तम. कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या नळीत याहून बरंच जास्त असणार, तेव्हा आकडा चांगला आहे म्हणून फेऱ्या वाढवत जाऊ नका. विटकरी ऑइलचे अंश आत अजून असतील, दोन-तीन रविवारांनंतर परत एकदा बदलून टाका.

धोटा_६७ (सोलापूर)

बदलतो. अजून एकच विचारतो. माझी मुलगी एकवीस वर्षांची आहे, तिला पुढच्या रविवारी याच गाडीवर उतरायचंय. पावसाआधीचा तो शेवटचा रविवार. दोघांनी चालवायचं तर गाडीला फेऱ्यांमध्ये विश्रांतीच मिळणार नाही. मधे किती वेळ ठेवू?

मालदांडी (मूळ मंगळवेढा, आता मिशिगन)

घड्याळ बघू नका, काटा बघा. आयडलवर, पंखा चालू, ८५ च्या खाली आला की पुढची फेरी. कदाचित सहा मिनिटं लागतील, कदाचित बारा. आणि पहिल्या फेऱ्या तिला घेऊ द्या, गाडी थंड असताना.